आल्प्स ओलांडणारी हाना

मैत्रिणींनो, उन्हाळ्यात भर दुपारी पन्हाळ्यावर तीन दरवाज्यापाशी कधी उभ्या राहिलात का? खालच्या दरीतून गरम वारा वर येत असतो आणि त्या वाऱ्यावर घारी तरंगत असतात. पंख हलवायचं नाव नाही! नुसतं पसरून ठेवायचं, गोल गोल फिरायचं आणि बघता बघता ठिपका होऊन जायचं. लहानपणी मी आजोबांचा हात धरून तासन्‌तास हे बघत बसायची. माणसालाही असं उडता येईल का, असं विचारलं तर आजोबा नुसते हसायचे.

येतं, हे मला फार उशिरा कळलं. इंजिन नसलेल्या विमानाला ग्लायडर म्हणतात. पुण्यात हडपसरला ग्लायडिंग सेंटरवर ही लांब पंखांची विमानं ज्यांनी पाहिली असतील, त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. आणि अशा विमानातून युरोपातला आल्प्स पर्वत ओलांडणारी जगातली पहिली बाई म्हणजे हाना राइच.

दोनेक वर्षांपूर्वी महिला दिनाला एका शाळेनं मला धाडसी स्त्रियांवर बोलायला बोलावलं होतं. मी हानाची गोष्ट सांगितली. मुली अगदी डोळे विस्फारून ऐकत होत्या. भाषण संपलं, टाळ्या झाल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि तिनं विचारलं की, ही बाई जर्मनीची आणि काळ तोच, मग हिचं आणि हिटलरचं काय? मी गडबडले. वेळ झाली असं काहीतरी म्हणून खाली बसले. खरं सांगू? मला उत्तर माहीत होतं. मीच गोष्ट अर्ध्यावर तोडली होती. म्हणून आज पूर्ण सांगते.

वडिलांशी केलेला करार

हानाचा जन्म २९ मार्च १९१२ चा, हिर्शबर्ग गावातला. तेव्हा ते गाव जर्मनीत होतं, आज पोलंडमध्ये आहे. वडील डोळ्यांचे डॉक्टर. आई ऑस्ट्रियातल्या घरंदाज कुटुंबातली, अतिशय देवभक्त. एक भाऊ, एक बहीण आणि मधली ही हाना. गाव डोंगरांच्या कुशीत, त्यामुळे पक्षी बघण्याचं वेड तिलाही होतंच. आफ्रिकेत जाऊन विमानातून फिरणारी मिशनरी डॉक्टर व्हायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

घरात अर्थातच हे कुणाला पटत नव्हतं. मुलीनं घर सांभाळावं, हे तिथेही होतंच की! रोज उठून विमानाचं गाणं ऐकून वडील कंटाळले आणि त्यांनी तिच्याशी एक करार केला. शाळा संपेपर्यंत उडण्याचा विषय काढायचा नाही. तोंड मिटून राहिलीस तर ग्लायडिंग शिकायला पाठवीन. पोरीचं खूळ तोवर उतरेल, असा त्यांचा हिशेब. हाना गप्प राहिली. शाळेची शेवटची परीक्षा झाली तेव्हा वडिलांनी बक्षीस म्हणून सोन्याचं घड्याळ पुढे केलं. तिनं ते घेतलं नाही. त्यांना त्यांच्या शब्दाची आठवण करून दिली. बिचारे करणार काय!

त्या काळात जर्मनीत ग्लायडरचं एवढं वेड का होतं, तेही सांगते. पहिल्या महायुद्धात जर्मनी हरली आणि १९१९ च्या व्हर्सायच्या तहानं तिच्या विमानांवर कडक बंधनं आली. इंजिनाचं विमान नाही तर बिनइंजिनाचं, असं म्हणत तिथली तरुण पोरं डोंगरांवर जमू लागली. हिर्शबर्गजवळच ग्रुनाऊ इथे असंच एक केंद्र होतं. हाना तिथे जाऊ लागली. उंची जेमतेम पाच फूट, अंगानं काडी. पोरं हसली नसती तरच नवल.

पहिल्याच दिवसांत तिनं एक आगाऊपणा केला. विमान जमिनीवरून नुसतं घसरत न्यायचं, असं गुरुजींनी बजावलं होतं. हिनं ते हवेत उचललं आणि आपटलं! शिक्षा झाली, तीन दिवस विमानाला हात लावायचा नाही. त्या तीन दिवसांत ती इतरांच्या चुका बघत राहिली आणि रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मनातल्या मनात विमान चालवत राहिली. शिक्षा संपली तेव्हा ती बाकीच्यांच्या पुढे गेलेली होती.

पुढे नावाजलेले ग्लायडरपटू वोल्फ हिर्थ तिचे गुरू झाले. घरच्यांसाठी ती डॉक्टरकीला गेली खरी, पण मन तिथे रमेना. शेवटी कॉलेज सुटलं ते सुटलंच. १९३४ मध्ये दक्षिण अमेरिकेत जाणाऱ्या ग्लायडरपटूंच्या तुकडीत तिला जागा मिळाली, पण खर्चाचे पैसे स्वतःचे भरायचे होते. तिनं एका सिनेमासाठी उड्डाणं केली आणि त्या कमाईतून पैसे भरले. बाईनं आपल्या हिमतीवर पैसा उभा करायचा, ही गोष्ट मला तिच्या पुढच्या सगळ्या विक्रमांइतकीच मोठी वाटते. परत आल्यावर डार्मश्टाट इथल्या ग्लायडर संशोधन संस्थेत तिला चाचणी वैमानिकाची नोकरी लागली. नवीन विमान आधी हिनं उडवायचं, त्यात दोष असेल तर तो हिनं जीवावर उदार होऊन शोधायचा!

आल्प्सच्या माथ्यावर

आता त्या उड्डाणाकडे येऊ. मे १९३७. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गला ग्लायडरपटूंचा आंतरराष्ट्रीय मेळावा भरला होता. समोर आल्प्सची रांग. तिथलं सर्वांत उंच शिखर ग्रोसग्लॉकनर ३७९८ मीटरचं, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. बिनइंजिनाच्या विमानातून ही रांग ओलांडून पलीकडे इटलीत उतरायचं, हे तोवर कुणी केलेलं नव्हतं.

हे अवघड का, ते समजून घ्यायला आपली घारच बरी. ग्लायडर सोडलं की ते सारखं खालीच येत असतं. वर जायचं तर वर चढणारा वारा शोधावा लागतो. उन्हानं तापलेल्या उतारावरून गरम हवा उठते, त्यात गोल फिरत राहायचं. किंवा वारा डोंगराच्या भिंतीवर आपटून वर वळतो, त्याच्या कडेकडेनं सरकायचं. एका डोंगरावर उंची कमवायची आणि दुसऱ्या डोंगरापर्यंत ती खर्चायची. आपण महिन्याचा पगार पुरवतो ना, अगदी तसंच! पण डोंगराची सावलीची बाजू आली की हवा उलटी खाली ओढते. मधल्या अरुंद दरीत उतरायला सपाट जागा नाही. हिशेब चुकला की वर कडा आणि खाली खडक.

हानाचं विमान होतं स्पेर्बर युनियर. हान्स याकोब्स यांनी ते खास तिच्या मापानं बांधलेलं. आतली जागा इतकी अरुंद की दुसरं कुणी बसूच शकत नसे. आपण ब्लाउज मापाचा शिवतो, तसं हे मापाचं विमान! त्यात बसून ती बर्फाच्या शिखरांवरून गेली आणि पलीकडे इटलीत सुखरूप उतरली. त्या मेळाव्यात आणखीही काही पुरुष वैमानिकांनी हा पर्वत ओलांडला. पण बायकांमध्ये ती एकटी, आणि पहिली.

त्याच वर्षी तिला फ्लुगकापिटेन, म्हणजे विमानाची कप्तान हा किताब मिळाला. तोही बाईला पहिल्यांदाच. हेलिकॉप्टर चालवणारीही ती जगातली पहिली बाई. फेब्रुवारी १९३८ मध्ये बर्लिनच्या एका प्रचंड सभागृहात, छपराखाली, हजारो लोकांसमोर तिनं हेलिकॉप्टर उडवून दाखवलं. आपल्या कोल्हापुरात राजाराम महाराजांच्या काळात विमानतळ सुरू झाला तो त्यानंतर, १९३९ मध्ये. यावरून काळाचा अंदाज येईल.

शाळेत मी इथपर्यंतच सांगितलं होतं.

डोळ्यांवरची पट्टी

ते सभागृहातलं उड्डाण कुणासाठी होतं? हिटलरच्या राजवटीचा डंका पिटण्यासाठी. बाई नाझी पक्षाची सदस्य कधी झाली नाही, आपल्याला राजकारणातलं काही कळत नाही, असंच ती सांगत राहिली. पण तिची विमानं, तिचे किताब, तिचं हसरं छायाचित्र, सगळं त्या राजवटीच्या कामी आलं. दुसरं महायुद्ध पेटल्यावर ती लष्करी विमानांच्या चाचण्या घेऊ लागली. १९४१ मध्ये हिटलरच्या हातून आयर्न क्रॉस हे पदक मिळालं. ऑक्टोबर १९४२ मध्ये रॉकेटवर चालणाऱ्या नव्या लढाऊ विमानाची चाचणी घेताना ते कोसळलं. कवटीला भेगा, नाक जवळजवळ तुटलेलं. शुद्ध हरपायच्या आधी तिनं कागदावर काय घडलं ते लिहून ठेवलं आणि पाहणाऱ्यांना भीती वाटू नये म्हणून चेहऱ्यावर रुमाल बांधला. पाच महिने दवाखान्यात होती. बरी झाल्यावर चक्कर येऊ नये म्हणून छपरावर चढून तोल सांभाळायचा सराव केला आणि पुन्हा विमानात जाऊन बसली.

हे धाडस खोटं नव्हतं. पण ते कशासाठी वापरलं गेलं? फेब्रुवारी १९४४ मध्ये ती स्वतः हिटलरकडे गेली ती एक योजना घेऊन. वैमानिकांनी विमानासकट शत्रूवर जाऊन आदळायचं, अशी आत्मघातकी योजना. त्यात तिनं स्वतःचंही नाव घातलं होतं.

आणि आता मला सगळ्यांत टोचणारी गोष्ट. १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये पीटर रीडेल तिला भेटला. दक्षिण अमेरिकेच्या सफरीतला हा तिचा जुना सोबती, तेव्हा स्टॉकहोमच्या जर्मन वकिलातीत होता. त्यानं तिच्यापुढे एक पुस्तिका टाकली. ज्यू लोकांना विषारी वायूच्या खोल्यांत कोंडून मारलं जातंय, असं त्यात लिहिलं होतं. हाना संतापली. हे शत्रूचं खोटं आहे म्हणाली. मग ती पुस्तिका घेऊन ती कुणाकडे गेली? थेट हिमलरकडे! म्हणजे ज्याच्या हुकमानं ती माणसं मरत होती, त्याच्याकडेच. तो हे खरं नाही म्हणाला. तिनं त्याला हे जाहीरपणे नाकारायला सांगितलं, तसं ते नाकारलं गेलं, आणि तिचं समाधान झालं. एवढंच. नाझींनी सुमारे ६० लाख ज्यूंचा जीव घेतला. नव्या विमानातला बारीकसा दोष जीव धोक्यात घालून शोधणाऱ्या या बाईनं इथे मात्र दुसरा प्रश्न विचारला नाही.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ तशीच बसले. कारण मला आमची शेजारीण आठवली. खूप वर्षं झाली त्याला. भिंतीला भिंत लागून घर. रात्री आवाज यायचे. सकाळी ती नळावर यायची तेव्हा कधी गाल सुजलेला, कधी हाताला फडकं बांधलेलं. एकदा न राहवून मी विचारलं. पण कुणाला? तिच्या सासूला! सासू म्हणाली, वाफ लागली गं हाताला, धांदरट आहे जरा. आणि मी मान डोलावून घरी आले. मला मनातून बरंच वाटलं. चला, विचारलं तर खरं आपण! पुढे एक दिवस ती बाई लेकराला घेऊन माहेरी गेली ती परत आलीच नाही. मी तिला कधी एकटीला गाठून विचारलंच नाही.

माझी आणि हानाची बरोबरी नाही, तिच्या काळातल्या पापाची आणि आमच्या गल्लीतल्या दुःखाची तर नाहीच नाही. पण चुकीच्या माणसाला प्रश्न विचारायचा आणि सोयीचं उत्तर मिळालं की सुटकेचा श्वास टाकायचा, ही खोड मात्र मी ओळखली. ती माझ्यातही आहे.

सगळं संपलं तेव्हा

एप्रिल १९४५ च्या शेवटी रशियन फौजा बर्लिनमध्ये घुसल्या होत्या. जनरल ग्राइम यांना हिटलरनं बोलावलं आणि त्यांच्याबरोबर हानाही एका छोट्या विमानातून त्या जळत्या शहरावर गेली. खालून गोळीबार झाला. ग्राइम यांच्या पायाला गोळी लागली तशी हानानं मागून त्यांच्या खांद्यावरून हात पुढे केले, विमान हातात घेतलं आणि रस्त्यावर उतरवलं. दोनेक दिवस ती हिटलरच्या तळघरात होती. तिथे गोबेल्सची सहा मुलं होती, त्यांना तिनं गाणी शिकवली. ती तिथून निघाली. थोड्याच दिवसांत त्या मुलांना त्यांच्या आईबापांनीच विष देववलं.

तिच्या स्वतःच्या घरचं काय झालं? आईवडील, बहीण आणि बहिणीची तीन मुलं हिर्शबर्ग सोडून साल्झबर्गला येऊन राहिली होती. निर्वासितांना पुन्हा रशियनांच्या ताब्यातल्या भागात पाठवणार, अशी आवई उठली. ३ मे १९४५ ला वडिलांनी आधी घरातल्या सगळ्यांना आणि मग स्वतःला संपवलं. ज्या साल्झबर्गहून आठ वर्षांपूर्वी ती आल्प्सवर झेपावली होती, त्याच गावात. अमेरिकनांच्या कैदेत गेलेल्या हानाच्या वाट्याला उरला तो फक्त भाऊ.

सुटून आली तेव्हा तिचं वय होतं ३४. लग्न केलेलं नाही, घर नाही, देश मोडलेला. उडायलाही बंदी. १९५१ मध्ये जर्मनांना पुन्हा ग्लायडिंगची परवानगी मिळाली आणि १९५२ मध्ये स्पेनमधल्या जागतिक ग्लायडिंग स्पर्धेत ती उतरली. माद्रिदच्या आजूबाजूच्या तापलेल्या पठारांवरून आणि डोंगरांवरून होणाऱ्या या स्पर्धेत दोन आसनी विमानांच्या गटात तिनं कांस्यपदक मिळवलं. जागतिक ग्लायडिंग स्पर्धेत उतरलेली ती पहिलीच बाई. १९५५ मध्ये ती जर्मनीची विजेती झाली. पण १९५८ ची जागतिक स्पर्धा पोलंडमध्ये होती आणि पोलंडनं तिला व्हिसा नाकारला. जिथे जन्मली त्या मातीचं दार तिला बंद झालं होतं. नाझींनी ज्या देशाची राखरांगोळी केली, त्या देशाला तरी कसा दोष द्यायचा?

१९५९ मध्ये ती आपल्याकडेही आली होती बरं का! ग्लायडिंगच्या कामासाठी तिला बोलावलं होतं आणि तिनं पंतप्रधान नेहरूंना दिल्लीवरून ग्लायडरमधून फिरवून आणलं. १९६२ ते १९६६ ती आफ्रिकेत घानामध्ये राहिली आणि तिथे ग्लायडिंगची शाळा चालवली. काळ्या माणसांकडे आपण आजवर कसं बघत होतो याची तिथे आपल्याला लाज वाटली, असं तिनं पुढे लिहून ठेवलं. ते वाचून वाटतं, पट्टी थोडी तरी सैल झाली. पण हिटलरच्या काळाबद्दल ती शेवटपर्यंत मोकळेपणानं चूक झाली म्हणाली नाही. त्याच्या हातचं पदक तिनं अभिमानानंच बाळगलं.

१९७९ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, अमेरिकेतल्या ॲपलेशियन डोंगरांच्या कडेकडेनं जाऊन परत यायचं असं ८०२ किलोमीटरचं उड्डाण तिनं केलं. बायकांमधला जागतिक विक्रम! इंजिनाशिवाय, नुसत्या वाऱ्यावर, जवळपास कोल्हापूरहून मुंबई आणि परत. त्याच वर्षी २४ ऑगस्टला फ्रँकफर्टमध्ये ती गेली. तिला साल्झबर्गला, आपल्या माणसांशेजारी पुरलं. तिथून आल्प्स दिसतात.

पूर्ण गोष्ट

आता तुम्ही म्हणाल, अशा बाईची गोष्ट मुलींना सांगायची तरी कशाला? मीही हाच विचार करत होते. पण मग वाटलं, न सांगणं म्हणजे पुन्हा तेच, नको ते बघायचं नाही. आणि अर्धी सांगणं त्याहून वाईट. सोन्याचं घड्याळ नाकारणारी हाना खरी आहे आणि हिमलरच्या शब्दावर विसंबणारी हानाही तेवढीच खरी आहे. आपल्या मुलींनी पहिलीसारखं व्हावं, असं कुणाला वाटणार नाही? पण त्यांना दुसरीही ठाऊक हवी. हिंमत एकटी पुरत नाही. आपण उडतोय ते कुणाच्या वाऱ्यावर, एवढं अधूनमधून खाली बघून तपासावं लागतं.

त्या शाळेतल्या बाईंना मी मागच्या आठवड्यात फोन केला. येत्या शनिवारी पुन्हा येते म्हटलं. ती मागच्या बाकावरची मुलगी आता दहावीत आहे म्हणे. तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंय माझं. यावेळी पहिल्या बाकावर बस म्हणणार आहे तिला.